नर्सिंग आणि बीए एकत्र: वर्षं कुठे जातात आणि क्रेडिट कुठे अडतं?

"सर, नर्सिंग करता करता बीए पण करता येईल का?" नगर, पाथर्डी, शेवगाव भागातल्या मुलींकडून हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय की आता तो मला करिअरचा प्रश्न कमी आणि संशोधनाचा प्रश्न जास्त वाटतो. त्याचं एका ओळीतलं उत्तर "हो, पण सोबत नाही, एकापाठोपाठ" असं आहे. पण हे असं का आहे ते शोधायला बसलात तर हाताला एक चांगला पीएच.डी.चा विषय लागू शकतो. आज तोच उलगडून बघू. मी सूक्ष्मजीवशास्त्रवाला आहे, इतिहासवाला नाही, त्यामुळे माझं लक्ष मोजमापावर जास्त जाईल.

आधी एक शब्द साफ करून घेऊ. 'लिबरल आर्ट्‌स' म्हणजे आपल्याकडची 'आर्ट्‌स साइड' नव्हे. भाषा, इतिहास, तत्त्वज्ञान, समाजशास्त्र, गणित, विज्ञान हे सगळं थोडं थोडं शिकून विचार करायची सवय लावणारं पदवीशिक्षण, असा त्याचा मूळ अर्थ. अमेरिकेतली बरीच जुनी कॉलेजं चर्चने काढलेली होती. त्यामुळे 'ख्रिस्ती लिबरल आर्ट्‌स कॉलेज' हा एक ठरलेला नमुनाच तयार झाला: वर्गात सर्व विषय, वसतिगृहातलं सामूहिक जीवन आणि शिकलेलं समाजाच्या सेवेला लावायचं ही अपेक्षा. धर्मशिक्षण हा त्यातला एक भाग असतो, पण पदवी धर्माची नसते.

आता नगरकडे या. (कागदोपत्री अहिल्यानगर, जुनी कागदपत्रं शोधताना मात्र 'अहमदनगर' हेच नाव टाकावं लागेल, नाहीतर काहीच सापडणार नाही.) १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशनने इथे ठाणं केलं. सिंथिया फॅरार या मिशनरी शिक्षिकेने मुलींच्या शाळा चालवल्या. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचं प्रशिक्षण नगरला फॅरारबाईंकडे घेतलं, असं त्यांच्या चरित्रांमध्ये येतं. म्हणजे बाईने शिकून एखादा व्यवसाय हाती घ्यायचा ही गोष्ट या गावात दीडशेहून अधिक वर्षं जुनी आहे. पुढे मिशनचं 'सर डी. एम. पेटिट इंडस्ट्रियल स्कूल' आलं. तिथे हातकामाचे धंदे शिकवत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डी. सी. चर्चिल या इंजिनिअर मिशनरीने तिथेच हातमाग सुधारायचे प्रयोग केले. त्याच काळात डॉ. ज्युलिया बिसेल यांच्या कामातून बायका-मुलांसाठी दवाखाना उभा राहिला. तो पुढे साल्व्हेशन आर्मीकडे गेला आणि आज आपण त्याला बूथ हॉस्पिटल म्हणतो. २०२० च्या कोविडमध्ये हे नाव जिल्ह्याबाहेरही पोचलं. नर्सिंगचं प्रशिक्षण तिथेही चालतं.

आणि १९४७ मध्ये डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज काढलं. ख्रिस्ती प्रेरणेचं, पण सगळ्यांना खुलं. आर्ट्‌स आणि सायन्स एका आवारात. जिल्ह्यातल्या किती घरांत पहिला पदवीधर या कॉलेजने दिला याची मोजदाद कुणी केली तर तो वेगळाच प्रबंध होईल.

तर चित्र असं आहे: एकाच शहरात, एकाच परंपरेतून आलेलं लिबरल आर्ट्‌स कॉलेज, नर्सिंग शिकवणारं हॉस्पिटल आणि धंदेशिक्षणाची शाळा. रिक्षाने पंधरा-वीस मिनिटांत तिन्ही ठिकाणं बघून होतील. तरी तिन्ही जोडणारी एक पदवी इथे रुजली नाही. का?

मिशन-मिशनमधली वाटणी हे एक कारण सांगता येतं. मला ते अपुरं वाटतं. खरं कारण १९४७ च्याच आसपास शोधावं असं माझं मत आहे. कॉलेजची पदवी विद्यापीठाकडून येणार होती (पुणे विद्यापीठ १९४९ चं). नर्सिंगसाठी मात्र भारतीय परिचर्या परिषदेचा, म्हणजे इंडियन नर्सिंग कौन्सिलचा, कायदा १९४७ मध्येच झाला. नर्स कोण, तिने काय शिकायचं, किती तास वॉर्डात उभं राहायचं हे ठरवायचा अधिकार एका वेगळ्या घराकडे गेला. नर्सिंगची पदवी तेव्हा देशात नुकती कुठे सुरू झाली होती, १९४६ मध्ये, दिल्लीला आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात. बाकी बहुतेक ठिकाणी नर्सिंग म्हणजे हॉस्पिटलने दिलेला डिप्लोमा. पदवी एका दारातून आणि व्यवसायाचा परवाना दुसऱ्या दारातून, ही विभागणी तेव्हा पक्की झाली आणि आजही तशीच आहे.

अमेरिकेत ही दोन दारं कशी जोडली गेली ते बघण्यासारखं आहे. १९१८ मध्ये, पहिलं महायुद्ध चालू असताना, व्हासार कॉलेजने उन्हाळ्यात नर्सिंगचं एक शिबिर भरवलं. कुठल्याही विषयात पदवी घेतलेल्या चारशेहून जास्त मुली आल्या. त्यांनी तीन महिने शरीरशास्त्र, जीवाणूशास्त्र, आहारशास्त्र असे विषय शिकले आणि मग त्या निरनिराळ्या हॉस्पिटलांत गेल्या. पदवी आधीच असल्यामुळे त्यांचं तीन वर्षांचं प्रशिक्षण सुमारे दोन वर्षांवर आलं. त्याच सुमारास काही विद्यापीठांनी पाच वर्षांचा जोड अभ्यासक्रम सुरू केला, थोडा काळ कॉलेजात आणि थोडा काळ हॉस्पिटलात. केंटकीतलं बेरीया हे ख्रिस्ती परंपरेचं लिबरल आर्ट्‌स कॉलेज तर आजही नर्सिंगची पदवी देतं. तिथे शिक्षणशुल्क नाही, पण प्रत्येक विद्यार्थ्याने आठवड्याला किमान दहा तास काम केलंच पाहिजे.

यातला कळीचा मुद्दा लक्षात घ्या. व्हासारच्या मुलींची पदवी 'वर्षं' म्हणून मोजली गेली. एका बाजूला केलेल्या अभ्यासाची दुसऱ्या बाजूला वजावट मिळाली. आपल्याकडे ही वजावट मिळत नाही. ते का, हे कळायला थोडं गणित करू.

एक क्रेडिट म्हणजे किती तास?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या सध्याच्या आराखड्यात सत्राला साधारण १५ तास तासिका झाल्या की एक क्रेडिट. प्रात्यक्षिकाचे ३० तास म्हणजे एक क्रेडिट. तीन वर्षांच्या पदवीला १२० क्रेडिट लागतात, चार वर्षांच्या पदवीला १६०.

परिचर्या परिषदेने २०२१ मध्ये बी.एस्सी. नर्सिंग सत्रपद्धतीवर आणलं, तेव्हा क्रेडिटही आणले. पण त्यांचं सत्र २० आठवड्यांचं. थिअरीचा आठवड्याला एक तास म्हणजे एक क्रेडिट, म्हणजे २० तास. लॅबचं एक क्रेडिट ४० तासांचं. आणि वॉर्डातल्या, म्हणजे क्लिनिकल कामाचं एक क्रेडिट आठवड्याला चार तास, म्हणजे सत्राला ८० तास.

समजा एखाद्या मुलीने वॉर्डात २४० तास काम केलं. नर्सिंगच्या मापाने ते ३ क्रेडिट. विद्यापीठाच्या प्रात्यक्षिकाच्या मापाने तेच ८ क्रेडिट. काम तेच, रुग्ण तेच, रात्रपाळीचे डोळे तेच. मापी बदलली की धान्य कमी-जास्त दिसतं, तसलाच प्रकार.

इथे घाई करून "नर्सिंगवर अन्याय होतोय" असं लिहून टाकू नका, बरं का. क्रेडिट हे मुळात कष्टाचं माप नाही, शिकण्याचं आहे. वॉर्डातल्या ऐंशी तासांत बराच वेळ तीच ती कामं असतात, चादरी, तापमान, नोंदी. त्यात नवं शिकणं किती, असा युक्तिवाद कुणी करू शकतो. उलट कुणी म्हणेल की तेच ते काम शंभर वेळा केल्यावरच हात बसतो आणि तेच तर नर्सिंगचं शिक्षण. दोन्ही बाजूंना दम आहे. पण दोन यंत्रणा दोन मापं वापरत असतील तर एकीकडचे क्रेडिट दुसरीकडे नेताना नेमकं काय नेलं जातंय, हा प्रश्न सुटलेला नाही. आणि जीएनएम या तीन वर्षांच्या डिप्लोमाचा अभ्यासक्रम तर तासांतच मांडलेला आहे. तो घेऊन मुलगी बीएला गेली की सहसा तिची बारावीच पात्रता म्हणून धरली जाते आणि पहिल्या वर्षापासून सुरुवात होते.

उलट्या दिशेने बघा. बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या सत्रात संवादात्मक इंग्रजी (४० तास), उपयोजित समाजशास्त्र (६० तास) आणि उपयोजित मानसशास्त्र (६० तास) आहे. एकूण १६० तास. 'मानवी मूल्यं' असा एक ऐच्छिक विषयही पुढे येतो. म्हणजे लिबरल आर्ट्‌सची फोडणी अभ्यासक्रमात आहे. पण समाजशास्त्रात बीए झालेली मुलगी नंतर नर्सिंगला आली तर? ते साठ तास तिने पुन्हा बसून ऐकायचे.

मग त्या मुलीने करायचं काय?

ज्यांना थेट उत्तर हवंय त्यांच्यासाठी. २०२२ पासून आयोगाने एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करायला परवानगी दिली आहे (पीएच.डी. सोडून). दोन्ही प्रत्यक्ष वर्गातले असतील तर वेळा एकमेकांवर यायला नकोत, किंवा एक वर्गातला आणि दुसरा दूरशिक्षणाचा चालतो. पण व्यावसायिक परिषदेचे नियम जिथे लागू आहेत तिथे ते पाळावेच लागतात. नर्सिंगला पदवी मिळण्याआधी क्लिनिकल हजेरी शंभर टक्के पूर्ण करावी लागते. राहिलेले तास भरून काढल्याशिवाय सुटका नाही. त्यामुळे पूर्णवेळ नर्सिंग आणि पूर्णवेळ बीए हे कागदावर जमलं तरी अंगावर येतं. दूरशिक्षणातून बीए, तेही नोकरी लागल्यावर, हा बहुतेकींनी निवडलेला आणि मला शहाणपणाचा वाटणारा मार्ग.

आता तुम्ही संशोधनाच्या तयारीतले आहात म्हणून पुढचा हिशोब सांगतो. बारावी आर्ट्‌सची मुलगी घ्या. तिला बी.एस्सी. नर्सिंगला थेट प्रवेश नाही. तिथे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र लागतं. जीएनएमला मात्र ती जाऊ शकते. तीन वर्षं जीएनएम, दोन वर्षं पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग, एक वर्ष कामाचा अनुभव, दोन वर्षं एम.एस्सी. नर्सिंग: एकूण आठ. दुसरी वाट: तीन वर्षं जीएनएम, तीन वर्षं बीए, दोन वर्षं एमए किंवा एमएसडब्ल्यू. ही पण आठ! दोन्हीकडे शेवटी ५५ टक्क्यांची पदव्युत्तर पदवी हातात येते आणि पीएच.डी.च्या दारात उभं राहता येतं (राखीव प्रवर्गांना पाच टक्के सवलत आहे).

वर्षं सारखीच, पण दारं वेगळी. पहिल्या वाटेने ती नर्सिंग कॉलेजात शिकवू शकते आणि नर्सिंग विद्याशाखेत संशोधन करू शकते. दुसऱ्या वाटेने समाजशास्त्रात किंवा समाजकार्यात जाते. वॉर्ड आतून माहीत असलेली समाजशास्त्रज्ञ बनते, आणि अशी माणसं आपल्याकडे फारच थोडी आहेत. पण दुसऱ्या वाटेने गेल्यावर नर्सिंग कॉलेजात प्राध्यापक होता येत नाही आणि स्टाफ नर्सच्या भरतीत बीएला वजन नसतं. हे सहाव्या वर्षी कळलं तर फार उशीर झालेला असतो. म्हणून आत्ताच सांगतोय. दुसऱ्या वाटेचा एक फायदाही आहे: बीएची तीन वर्षं ती नोकरी करत, पगार घेत काढू शकते. ज्या घरातून ती आली असेल तिथे हा मुद्दा छोटा नसतो.

नगरमध्येच या दोन दारांच्या मधे एक खिडकी आहे, ती म्हणजे अहमदनगर कॉलेजच्या परिवारातली सीएसआरडी ही समाजकार्य संस्था. समाजकार्याच्या शिक्षणात फील्डवर्क हा पदवीचाच भाग असतो. वस्तीवर, दवाखान्यात, गावात काढलेले दिवस गुणांत धरले जातात, त्यावर पर्यवेक्षक असतो, अहवाल असतो. म्हणजे प्रत्यक्ष कामाला विद्यापीठाच्या पदवीत बसवता येतं, हे याच परंपरेतल्या संस्थेने दाखवलेलं आहे. समाजकार्यावर परिचर्या परिषदेसारखी परवाना देणारी संस्था नव्हती म्हणून ते सोपं गेलं, असा माझा कयास आहे. तुम्ही तो तपासून बघा.

जामखेडने काय केलं

जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, जामखेडला, १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. दोघेही वेल्लोरला शिकलेले, श्रद्धेने ख्रिस्ती. सुरुवातीला त्यांची भिस्त एएनएम झालेल्या नर्सवर होती. पण बाहेरून आलेल्या तरुण मुलींना गावात एकटं राहणं जमेना आणि गावालाही त्या आपल्या वाटेनात. मग गावातल्याच बायका निवडल्या गेल्या, बऱ्याच दलित, बऱ्याच अक्षरओळख नसलेल्या. त्या दर आठवड्याला जामखेडला येत. शिकवणीत बाळंतपण, जुलाब, लसीकरण हे तर होतंच. पण जात म्हणजे काय, बाईला कमी का लेखतात, सरपंचासमोर कसं बोलायचं, यावरही चर्चा होई. परतताना प्रत्येकीकडे गावात सांगायला काहीतरी असे.

मला विचाराल तर लिबरल आर्ट्‌स आणि नर्सिंग यांचं जिल्ह्यातलं सगळ्यात पुरं मिश्रण इथेच झालं, आणि ते कुठल्याही पदवीशिवाय झालं. हे वाचून कॉलेजवाले रागावतील, पण असो. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

पुरस्कार म्हणजे पुरावा नव्हे, हे तुम्हाला सांगायला नको. प्रकल्पाच्या स्वतःच्या आकड्यांनुसार अर्भकमृत्यूदर १९७१ मध्ये हजारी १७६ होता आणि १९७६ मध्ये ५२ झाला. घट प्रचंड आहे, पण त्या काळात रस्ते, धान्य, पाणी हेही बदलत होतं, शिवाय मोजणारे प्रकल्पाचेच. म्हणून २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये आलेला अभ्यास महत्त्वाचा. त्यात प्रकल्पातली गावं आणि जवळची इतर गावं यांची तुलना केली. पाच वर्षांखालच्या मुलांचा मृत्यूचा धोका प्रकल्पाच्या गावांत सुमारे ३० टक्क्यांनी कमी निघाला, आणि फरक मुख्यतः पहिला महिना उलटल्यानंतरच्या वयात दिसला. मला हा तपशील फार आवडतो. पहिल्या महिन्यातले बरेचसे मृत्यू टाळायला हॉस्पिटल लागतं. त्यानंतरचे टाळायला आईला वेळेवर खरी माहिती देणारी आणि जिचं आई ऐकेल अशी बाई लागते. अर्थात हा माझा अर्थ झाला. त्या अभ्यासाने शिकवणीचा कुठला भाग कामाला आला हे वेगळं काढलेलं नाही.

दुसऱ्या बाजूचा पुरावाही बघा. २००३ मध्ये लिंडा एकन आणि सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या १६८ हॉस्पिटलांचा अभ्यास केला. पदवीधर नर्सचं प्रमाण दहा टक्क्यांनी जास्त असेल, तिथे शस्त्रक्रियेनंतर तीस दिवसांत रुग्ण दगावण्याची शक्यता सुमारे पाच टक्क्यांनी कमी दिसली. २०१४ मध्ये युरोपातल्या नऊ देशांत तसाच कल मिळाला. नर्सना पदवी का द्यावी याच्या समर्थनात हा अभ्यास सगळीकडे उद्धृत होतो. पण त्यात 'पदवी' हा एकच चल आहे. पदवीच्या आत काय होतं, जास्तीचं शरीरशास्त्र की समाजशास्त्राचे साठ तास, हे त्यात दिसत नाही. आणि ज्या हॉस्पिटलला पदवीधर नर्स परवडतात त्याला इतरही चांगल्या गोष्टी परवडतात. संशोधकांनी हॉस्पिटलचा आकार, नर्सवरचा भार वगैरे गोष्टी हिशोबात धरल्या आहेत, पण एका वेळच्या पाहणीतून कार्यकारण सिद्ध करता येत नाही.

तर तुमच्यापैकी कुणी यावर काम करणार असेल, तर "नर्सिंग आणि लिबरल आर्ट्‌स एकत्र केल्याने फायदा होतो का" असा प्रश्न घेऊ नका. मार्गदर्शक पहिल्याच भेटीत परत पाठवतील. प्रश्न लहान करा. उदाहरणार्थ: जिल्ह्यातल्या जीएनएम झालेल्या आणि नंतर बीए केलेल्या नर्स रुग्णाच्या नातेवाइकांशी बोलताना, केवळ जीएनएम असलेल्यांपेक्षा वेगळं काय करतात? हे निरीक्षणाने बघता येतं, वॉर्डात बसून नोंदवता येतं. पण बीए करणारी मुळातच जास्त बोलकी, जास्त जिद्दी असेल, ही शंका पहिल्या दिवसापासून वहीत लिहून ठेवा. त्यासाठी बीएला नाव घातलेल्या पण अजून न झालेल्या नर्सचा तिसरा गट घेतलात तर तुलना बरीच सुधारते.

इतिहासाकडे ओढा असेल तर कॉलेजचे जुने वार्षिक अंक, मिशनचे छापील अहवाल आणि निवृत्त सिस्टरच्या मुलाखती ही तीन साधनं आधी धुंडाळा. अहवाल इंग्रजीत आणि देणगीदारांसाठी लिहिलेले असतात, त्यामुळे त्यांत सगळं छान चाललेलं असतं. मुलाखतींमध्ये ते तसं नसतं. मुलाखतींना घाई करा, कारण पन्नास-साठच्या दशकात शिकलेल्या सिस्टर आता नव्वदीकडे आहेत. संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी यायला सहसा दोन-तीन महिने जातात, तेव्हा अर्ज सत्र सुरू होण्याआधीच टाका. आणि मुलाखतीला जाताना पहिला प्रश्न शिक्षणाबद्दल नको. "तुमची पहिली नाइट ड्यूटी कुठल्या वॉर्डात होती?" असं विचारा आणि मग गप्प बसा.